शेवटच्या पाण्याची प्लेट

सकाळी साडेदहाच्या सुमाराला काकूंनी माझ्या टेबलावर एक कापडी पिशवी ठेवली आणि खुर्चीत न बसता त्या तशाच उभ्या राहिल्या. काकू म्हणजे आमच्या वाफेवाल्या काकांची बायको. प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुणं आणि ती मोठ्या कुकरात वाफेवर निर्जंतुक करणं हे काकांचं काम, म्हणून ते वाफेवाले. चौदा वर्षं ते इथं होते. गेल्या महिन्यात जेवण झाल्यावर हात धुवायला उठले, बेसिनपाशी खाली बसले आणि मग उठलेच नाहीत. मी भेटायला गेले होते, दहा मिनिटं बसले होते आणि पाणीही न पिता निघाले होते. "बाई, त्यांचं कपाट रिकामं करून आणलंय," काकू म्हणाल्या. "स्टोअरवाले म्हणतात, बाकी सगळं मिळालं, पण एक प्लेट यायची आहे. ती ह्यातच आहे. तुम्ही बघून ह्या कागदावर सही दिलीत की त्यांचे कागद पुढे सरकतील." मी पिशवीत हात घातला. इस्त्री केलेला ॲप्रन. चष्म्याचं घर. एक लांबट वही. आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळून दोऱ्यानं बांधलेलं काहीतरी चपटं, गोल. दोरा सोडताना मी मुलगी कशी आहे वगैरे विचारत होते आणि काकू उत्तरं देत होत्या. कागद उलगडला. काचेची प्लेट, झाकणासकट, कडेनं चिकटपट्टी लावून बंद केलेली. झाकणावर लाल शाईत माझं अक्षर: पान ७, शेवटचं पाणी. खाली तारीख, अकरा वर्षांपूर्वीची. "हीच ना?" काकूंनी विचारलं. "ते सांगून ठेवायचे, बाईंच्याच हातात द्यायची. म्हणायचे, त्या दिवशी काय झालं..." "काकू," मी म्हणाले, "मला ही जरा तपासावी लागेल. तुम्ही बाहेर बाकावर बसा. आपण नंतर बोलू." माझा आवाज नेहमीसारखाच होता. त्याबद्दल माझी ख्याती आहे.

ही प्लेट काय होती ते सांगायला फार वेळ लागत नाही. निरोगी, हिरव्यागार पानाच्या आत बुरश्या राहतात. झाडाला त्यांचा त्रास नसतो, पानावर डाग नसतो, बाहेरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. घरात एखादा गुपचूप भाडेकरू असावा तशा त्या असतात. त्यांतल्या काही बुरश्या असे एन्झाइम सोडतात की वाळलेलं काड, भुसा, पेंढा, शेतात जे जे उरतं आणि जाळलं जातं, त्याची साखर होते. साखरेचा मद्यार्क आणि मद्यार्काचं गाड्यांसाठी इंधन. आमचा अख्खा विभाग ह्या दोन वाक्यांवर पोसला गेला आहे. पण सापडलेली बुरशी पानाच्या आतलीच आहे हे ठरवायचं कसं? पानावर, हवेत, माणसाच्या बाहीवर शेकडो बुरश्या बसलेल्या असतात. म्हणून पान आधी स्पिरिटमध्ये बुडवायचं, मग ब्लीचमध्ये, पुन्हा स्पिरिटमध्ये आणि मग तीनदा उकळून गार केलेल्या पाण्यात. पानाचे तुकडे एका प्लेटवर ठेवायचे आणि शेवटच्या पाण्याचा थेंब दुसऱ्या प्लेटवर पसरायचा. ह्या दुसऱ्या प्लेटवर काही उगवलं नाही, तर पान बाहेरून स्वच्छ होतं, म्हणजे जे मिळालं ते आतलं. उगवलं, तर सगळं मुसळ केरात; पुन्हा नवं पान. आमचे सर ह्या प्लेटला साक्षीदार म्हणायचे. सरांनी आणखी एक नियम घालून दिला होता: प्लेटवर काय दिसलं ते मोठ्या वहीत लिहून त्यासमोर लाल खूण केल्याशिवाय ती प्लेट धुवायला घ्यायची नाही. शिकलेल्यांपैकी कुणी हा नियम मनावर घेतला नाही. काकांनी घेतला. ते रोज आपल्या लांबट वहीत लिहायचे: आलेल्या इतक्या, खूण झालेल्या इतक्या, धुतलेल्या इतक्या. खूण नसली की प्लेट घेऊन दारात उभे राहायचे. आम्ही त्यांची टिंगल करायचो. कुणीतरी त्यांना एकदा विचारलं होतं, काका, घरी ताट धुण्याआधीही काकूंकडून खूण करून घेता का? ते हसले होते आणि तरीही दारातून हलले नव्हते.

अकरा वर्षांपूर्वी माझी नेमणूक तात्पुरती होती आणि ती संपायला सात आठवडे उरले होते. मी बेचाळीस वर्षांची होते. विभागाच्या भिंतीमागच्या रानगवताची चाळीसच्या वर पानं मी धुतली होती, कापली होती, आणि जे मिळत होतं ते सगळं फुसकं. मग नव्या खेपेतल्या सातव्या पानाच्या तुकड्याभोवती ते कडं दिसलं. आम्ही प्लेटवर लाल रंग ओततो. जिथं एन्झाइमनं काडातला धागा खाऊन टाकलेला असतो तिथं रंग धरत नाही, स्वच्छ कडं उमटतं. नखाएवढं कडं दिसलं तरी आम्ही एकमेकांना हाक मारतो. हे कपाच्या बशीतल्या खोलगट खुणेएवढं होतं. मी दिव्याखाली धरून ते किती वेळ बघत होते कोण जाणे. मग सवयीनं साक्षीदार प्लेट उचलली. तिच्यावर तीच बुरशी उगवली होती, तसाच करडा-हिरवा गोल, मधोमध. ती पानातून आलेली नव्हती. कुठून आली होती तेही मला त्याच क्षणी कळलं. पान धुतलं त्या दिवशी नव्या काचसामानाची पेटी आली होती, पेंढ्यात बांधलेली, आणि काकांनी ती शेजारच्या खोलीत फोडली होती. पेंढ्यावरची बुरशी. ती पेंढा खाणार नाही तर काय खाणार. पण पेंढ्यावर पेंढा खाणारी बुरशी सापडली ह्याला कोण विचारतो? जिवंत पानाच्या आत सापडली तर बातमी होती, पेपर होता, नोकरी होती. मी प्लेट झाकली आणि धुवायच्या ट्रेमध्ये ठेवली. संध्याकाळी काका दारात आले. "बाई, ही पाण्याची प्लेट उगवलीय. वहीत खूण दिसत नाही." मी म्हणाले, "टाका ती काका. खूण करते नंतर." ते तरीही उभे. "त्या दिवशी पेटी मी इथं शेजारीच उघडली होती. धूळ फार उडाली होती." "काका, तुम्ही तुमचं काम करा," मी म्हणाले. मोठ्या वहीत मी पान ७ लिहिलं, तुकड्यांचं लिहिलं, कड्याचं माप लिहिलं. खोटं असं मी काही लिहिलंच नाही. फक्त एक ओळ लिहायची राहिली, आणि अकरा वर्षं मी ती रोज थोडी थोडी न लिहीत आले.

पुढचं सगळं सुरळीत झालं हे त्यातलं वाईट. त्या घराण्यातल्या बुरश्या पानांतही सापडतात, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. नोकरी कायम झाली. मी भाषणं द्यायला लागले आणि प्रत्येक भाषणात एक वाक्य असायचं, जी बुरशी झाडाला आतून ओळखते तीच त्याचं कुलूप आतून उघडते, आणि त्या वाक्याला टाळ्या पडायच्या. घरी नवरा ते वाक्य भाजी निवडताना म्हणून दाखवायचा, माझ्या आवाजाची नक्कल करून, आणि मी हसायचे. सर गेले तेव्हा मी त्यांच्याबद्दल बोलताना साक्षीदाराच्या प्लेटचा किस्सा सांगितला. मग बुरशी मंदावायला लागली. हे होतंच, बुरशी साखरेच्या प्लेटवर वर्षानुवर्षं एकीवरून दुसरीवर नेत राहिली की आळसावते, आयतं मिळतंय तर धागे कोण तोडत बसेल. सहा वर्षांपूर्वी उन्हाळ्यात दोन दिवस वीज गेली आणि खोल फ्रीझरमधला मूळ साठा मेला, तेव्हापासून आमच्याकडे फक्त ही हातावर चाललेली, दर महिन्याला पुढे ढकललेली वंशावळ उरली. मला आईचं विरजण आठवायचं. आमच्या घरचं विरजण कमी पडायला लागलं, दही पातळ, चिकट व्हायला लागलं, की आई वाटी घेऊन शेजारणीकडे जायची. एका वर्षी दोघींचं कडाक्याचं भांडण झालं, जिन्यातल्या दिव्यावरून. त्यानंतरचा अख्खा उन्हाळा आम्ही ते तार सुटणारं दही खाल्लं. वडील म्हणायचे, अगं जा ना, एक चमचा माग. आई म्हणायची, कशाला, चांगलं लागलंय की. आणि आमच्या समोर बसून ती ते चाटूनपुसून खायची. तेव्हा मला तिचा राग यायचा. आता मी तिच्यापेक्षा बरंच मोठं भांडं घेऊन बसले होते.

आळसावलेल्या बुरशीवर पुस्तकात एक उपाय दिलेला असतो: तिला तिच्या झाडात परत घाला. जिथून आली तिथं काही महिने राहिली की तिला आपलं काम आठवतं, मग पुन्हा पानातून बाहेर काढा. तीन वर्षांपूर्वी साहेबांनी, म्हणजे आमच्या संचालकांनी, हा विषय खारूताईला दिला. तेव्हा मी समोर बसले होते आणि मान डोलावली होती. खारूताई माझी विद्यार्थिनी. सतत दोन्ही हातांत काहीतरी घेऊन लगबगीनं चालते म्हणून तिला सगळे तसं म्हणतात, आणि तिनंही ते लावून घेतलेलं नाही. तिनं रानगवताचं बी निर्जंतुक करून काचेच्या नळ्यांत रोपं वाढवली, त्यांना बुरशी टोचली, मुळातून पाजली, पानावर फवारली. मग पानं धुऊन कापून वाट बघितली. काही येत नाही. कधीच आलं नाही. बुरशी जिथं कधी राहिलीच नाही त्या घरात तिला परत पाठवायचं काम मी एका मुलीला लावलं होतं, आणि ती मुलगी ते तीन वर्षं नेटानं करत होती. दर वेळी तिला वाटायचं की आपलंच धुणं चुकतंय. ती हात इतके धुवायची की बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या. साहेबांनी मागच्या बैठकीत म्हटलं होतं, हात स्वच्छ नसले की असंच होतं. आमच्या धंद्यात ह्याच्याइतकी वाईट गोष्ट कुणाबद्दल म्हणता येत नाही. आज तीन वाजता तिची शेवटची बैठक होती. निकाल नाही तर नोंदणी रद्द, आणि अहवालात तेच वाक्य जाणार होतं, जे पुढे ती ज्या ज्या दारात उभी राहील तिथं तिच्या आधी पोचणार होतं.

मी प्लेट खिडकीपाशी नेली. आतला थर वाळून कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ झाला होता, आणि त्यावर तो गोल, करड्या-हिरव्या पिठासारखा. हे पीठ म्हणजे बीजाणू. बंद, कोरड्या जागी ते वर्षानुवर्षं जीव धरून राहतात. सगळे नाही, पण एक पुरतो. हे मनात आलं आणि मी खाली बसले. तोपर्यंत मी ह्या प्लेटकडे फक्त पुरावा म्हणून बघत होते. पण ती अकरा वर्षं साखरेवर वाढलेली नव्हती. ती त्या दिवसाची होती, पेंढ्यावरून नुकती उठून आलेली, सगळं आठवत असलेली. प्रकल्पाला पैसे देणाऱ्या इंधनाच्या कारखान्याला, साहेबांना, खारूताईला जे हवं होतं ते काकांनी आपल्या कपाटात ॲप्रनखाली ठेवलं होतं. मी स्वतः हे शोधलं नव्हतं असं नाही. चार वर्षांपूर्वी मी चोरून बाजारातून, गोठ्यांतून, खोकेवाल्यांकडून पेंढा आणायचे आणि सुट्टीच्या दिवशी येऊन तपासायचे. साठेक बुरश्या बघितल्या. तिच्या निम्म्यानं काम करणारीही मिळाली नाही. आणि काचसामान आता फोममध्ये बांधून येतं.

बाराच्या सुमाराला खारूताई आली. हातात नळ्यांचा स्टँड, दुसऱ्या हातात फाईल. "मॅडम, सकाळी पुन्हा चाचणी लावली," ती म्हणाली. "कागदाची पट्टी तशीच्या तशी. रंग पिवळाच." बुरशीनं कागद खाऊन साखर सुटली असती तर रंग विटकरी झाला असता. नळ्या लिंबाच्या सरबतासारख्या दिसत होत्या. मी प्लेटवर वर्तमानपत्र ओढलं होतं. "बस," मी म्हणाले. ती बसली नाही. "मी काय म्हणते मॅडम, आज मीच सांगून टाकते की माझं चुकतंय. प्रकल्प तरी वाचेल. दुसऱ्या कुणाला तरी देतील." "दुसऱ्यानं केलं तरी..." मी म्हणाले आणि थांबले. "काय मॅडम?" "काही नाही. जेवलीस का?" "आई सारखी फोन करतेय, झालं का, झालं का. तिला वाटतं आज पेढे आणायचेत." ती हसली, आणि हसता हसता तिनं हात पाठीमागे घेतले, चिरा दिसू नयेत म्हणून. त्या वेळी बोलायला हवं होतं. खोलीत आम्ही दोघीच होतो, वर्तमानपत्राखाली प्लेट होती, वाक्यही तयार होतं, अगदी लहान. मी तिला सांगितलं की फाईलमधली पानं नीट क्रमानं लाव, साहेबांना उलटसुलट आवडत नाही.

ती गेल्यावर मी कामाला लागले. हे मी शपथेवर सांगू शकते. गाळलेली हवा सोडणाऱ्या काचेच्या कपाटापुढे बसले, दिवा पेटवला, सुई लाल केली, नवी प्लेट उघडी ठेवली. जुन्या प्लेटची पट्टी कात्रीनं कापायला घेतली. मग नव्या प्लेटवर काय लिहायचं ह्याशी अडले. जुना साठा, असं लिहिलं तर? साठ्याची यादी खारूताईनंच तीनदा केली होती. ती विचारणार, कुठला साठा मॅडम, कधीचा, कोणी ठेवला. ती विचारल्याशिवाय राहणारी नव्हती, मीच तिला तसं तयार केलं होतं. पेंढ्यावर नवी सापडली, असं लिहिलं तर? जुन्या साठ्याशेजारी ठेवून तपासली की एकाच आईची लेकरं आहेत हे आठवड्यात कळलं असतं, आणि मग पानातली बुरशी पेंढ्यात कशी ते कुणीही विचारलं असतं. कसंही फिरवलं तरी ती एक न लिहिलेली ओळ मधे आडवी पडत होती. ती ओलांडून ही बुरशी कुणाला देता येत नव्हती. दिवा जळत राहिला. सुई गार झाली, मी पुन्हा लाल केली, पुन्हा गार झाली. मी माझं वय मोजलं. निवृत्तीला सात वर्षं. माझ्या नावावरचे सतरा पेपर, ज्यांची सुरुवात ह्या एका पानानं होते. नवरा ते वाक्य पुन्हा कसं म्हणेल, की म्हणणारच नाही. आणि मग माझ्या मनात एक अगदी समजूतदार विचार आला, की अकरा वर्षांची सीलबंद प्लेट अशी टेबलावर उघडणं सुरक्षिततेच्या नियमात बसत नाही. मला माझ्याच मनाचं हसू आलं. तरीही मी दिवा विझवला.

वाफेची खोली मागच्या बाजूला आहे. काका गेल्यापासून तिथं कायमचा माणूस नेमलेला नाही, ज्याचं काम तो लावतो. हुकावर त्यांचा दुसरा ॲप्रन अजून होता. मी प्लेट जाळीच्या डब्यात ठेवली, डबा कुकरात उतरवला, झाकणाचे सहाही खटके आवळले. हे काम मी वीस वर्षांत हातानं केलं नव्हतं, पण हात विसरले नव्हते. बटण दाबलं. दाब चढायला वेळ लागतो. काटा आधी बराच वेळ काही करत नाही. तोपर्यंत झाकण उघडता येतं. मी काट्याकडे बघत उभी होते आणि मला वाटत होतं की कुणीतरी येईल, खारूताई येईल, साहेबांचा शिपाई येईल, आणि मला काहीतरी विचारेल, मग मला थांबावं लागेल. कुणी आलं नाही. आत पाणी खदखदायला लागलं. झडपेतून वाफेची पहिली शिट्टी आली, भिंतीवर ओल धरली आणि काटा सरकला. आता वीस मिनिटं ते कुणालाही उघडता येणार नव्हतं, मलाही नाही. तीनला दहा कमी होते. मी साडी सारखी केली, आरशात बघितलं आणि बैठकीला गेले. जाताना बाकावर काकू बसलेल्या दिसल्या. मांडीवर डबा होता, न उघडलेला. "झालं का बाई?" त्यांनी विचारलं. "होतंय," मी म्हणाले.

बैठकीत साहेब, कारखान्याचा माणूस आणि आम्ही दोघी. खारूताईनं पानं क्रमानं लावली होती. ती तीनचार मिनिटं बोलली, स्वच्छ, न अडखळता, आणि शेवटी म्हणाली, "चूक माझ्या हाताचीच असावी. दुसरं कारण मला सापडलं नाही." कारखान्याचा माणूस घड्याळाकडे बघत म्हणाला की ते बाहेरून एन्झाइम विकत घ्यायचं ठरवत आहेत, त्यांचा इथला रस संपल्यात जमा आहे. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही तिच्या मार्गदर्शक. तुमचं काय म्हणणं?" भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. कुकर अजून बंद होता. पण पहिल्या पाच मिनिटांतच आतलं सगळं मरतं, बाकीचा वेळ आपण केवळ खात्रीसाठी देतो. "तिनं मेहनत खूप घेतली," मी म्हणाले. आमच्या जगात ह्या वाक्याचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो. साहेबांनी मान डोलावली आणि कागदावर लिहायला घेतलं. बाहेर आल्यावर खारूताई माझ्या पाया पडली. मी मागे सरकले, पण तिनं बोटं टेकवलीच. "तुम्ही निदान मेहनत तरी म्हणालात मॅडम. दुसऱ्या कुणी तेही म्हटलं नसतं." तिचे डोळे कोरडे होते. ती नळ्या धुवायला गेली, कारण नळ्या तशाच ठेवून जाणं तिच्या स्वभावात नव्हतं.

कुकर गार झाला होता. डब्यावरच्या, पुरेशी वाफ लागली की रंग बदलणाऱ्या पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या होत्या, म्हणजे काम चोख झालं होतं. प्लेटमधला थर वितळून, पिवळट पाणी होऊन एका कडेला साचला होता. करडं-हिरवं काही उरलं नव्हतं. झाकणावरची लाल अक्षरं मात्र जशीच्या तशी होती, ती शाई वाफेला दाद देत नाही. मी स्पिरिटचा बोळा घेऊन ती पुसली. आधी तारीख गेली, मग पाणी, मग शेवटचं, मग पान. मग साबण लावून, काका करायचे तशी आतून, बाहेरून, कडेच्या खाचेतून, प्लेट घासली, तीन पाण्यांनी धुतली आणि फडक्यानं पुसली. दिव्याकडे धरून बघितली. कुठं डाग नव्हता. रॅकमध्ये बाकीच्यांत ठेवली असती तर क्षणभरानं मलाही ओळखता आली नसती. मला रडू येत होतं आणि ते येणं मला किळसवाणं वाटत होतं, म्हणून मी नळ सोडून तोंडावर पाणी मारलं आणि बाहेर आले.

काकूंना मी माझ्या खोलीत बोलावलं, या वेळी खुर्चीवर बसवलं. प्लेट त्यांच्यासमोर ठेवून कागदावर लिहिलं: प्लेट, एक नग, स्वच्छ, जमा. सही केली. काकूंनी प्लेट हातात घेऊन फिरवून बघितली. "धुतलीत?" त्या म्हणाल्या. "हो." "म्हणजे खूण झाली." काकूंनी पिशवीतून लांबट वही काढली आणि मधलं एक पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. काकांचं पसरट, काळजीपूर्वक काढलेलं अक्षर. वर महिना, आणि पहिल्याच ओळीत: राहिलेली, एक. पान उलटलं. पुढचा महिना, राहिलेली, एक. "अशा अकरा वह्या आहेत घरी," काकू म्हणाल्या. "मी म्हणायची, अहो टाका ती, कुणाला कळतंय. तर म्हणायचे, टाकायची कशी, बाईंनी माझ्यासाठी खूण केली नाही." मी वर बघितलं. "तुमच्यासाठी?" मी विचारलं, म्हणजे काकांसाठी असं म्हणायचं होतं. काकू समजुतीनं हसल्या. "मला सगळं सांगितलंय त्यांनी. पेटी त्यांनी तिथं उघडली, धूळ उडाली, तुमचं काम बिघडलं. तेव्हा ते रोजावर होते. तुम्ही वहीत लिहिलं असतंत, पेटीची धूळ म्हणून, तर दुसऱ्या दिवशी त्यांना घरी बसवलं असतं. तुम्ही ते पोटात ठेवलंत. आमची पोरगी तेव्हा दोन वर्षांची होती, बाई."

खिडकीबाहेर खारूताई नळ्यांचा रिकामा स्टँड घेऊन चालली होती, नेहमीसारखी लगबगीनं. काकू पुढे बोलत होत्या. म्हणत होत्या की सकाळी हेच सांगायचं होतं, पण तुम्ही कामात होतात. शेवटच्या महिन्यात ते दोनतीनदा म्हणाले होते, की मी गेल्यावर ही बाईंना नेऊन दे आणि सांग, आता खुशाल लिहा, माझं नाव घालून लिहा. धूळ काकांच्या पेटीची होती असं. आता मला कोण काढणार आहे. बाईंचं अडलं असेल माझ्यापायी इतकी वर्षं. "म्हणून मी सांभाळून आणली," काकू म्हणाल्या. "बसमध्ये मांडीवर धरून." माझ्या बोटांना स्पिरिटचा वास येत होता. मी हात टेबलाखाली घेतले.

"लिहाल ना?" काकूंनी विचारलं.

"लिहीन," मी म्हणाले.

त्यांनी सहीच्या कागदाची घडी घातली, वही आणि ॲप्रन पुन्हा पिशवीत भरला आणि चष्म्याचं घर वर ठेवलं. प्लेट टेबलावरच राहिली. दारापर्यंत गेल्यावर त्या वळल्या आणि माझा चेहरा बघून त्यांना बहुधा दया आली. "सावकाश लिहा बाई," त्या म्हणाल्या. "आता काही घाई नाही."